आत्या डार्क वेबवर सापडली! (इंटरनेटचे तथाकथित थर, नवख्यांसाठी)

ओसरीवरचा | रविवार, रात्री १०.१५

मंडळी, या धाग्याला कारण आमची आत्या. सांगलीला असते, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आणि अजूनही फोनवर बोलताना समोरचा बाकावर उभा आहे असं समजून बोलते. परवा सकाळी साडेसहाला तिचा फोन. "अरे, मी डार्क वेबवर सापडले म्हणे." आवाज असा, की दारात पोलीस उभे असावेत.

झालं होतं एवढंच, की ती वापरते त्या एका सेवेकडून (नाव घेत नाही) तिला ईमेल आला होता: तुमचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड डार्क वेबवर आढळला आहे. बाईंनी रात्रीच राउटर बंद केला, वर जुनं पोलकं टाकलं आणि पहाटेपर्यंत जाग्या राहिल्या. मग मी तासभर फोनवर समजावलं. त्यातलं जे तिला पटलं ते इथे लिहितो. जाणकारांनी चुका काढाव्यात, तुम्ही काढणारच आहात.

आधी एक गाठ सोडवू. इंटरनेट आणि वेब एक नव्हे. इंटरनेट म्हणजे रस्ते. २९ ऑक्टोबर १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या दोन संगणकांमध्ये पहिला निरोप गेला. 'लॉगिन' असं पाठवायचं होतं, 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरं पोचली आणि यंत्राने मान टाकली. वेब ही त्या रस्त्यांवरून धावणारी एक गाडी, आणि ती पुष्कळ उशिरा आली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत तिचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला खुली झाली. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांना इंटरनेट जोडण्या द्यायला सुरुवात केली.

आता आत्याचा प्रश्न: "गुगलवर जे दिसतं तेच इंटरनेट ना?"

नाही. गुगलला जगातल्या पानांची यादी कुणी आणून देत नाही. त्याचे प्रोग्राम, ज्यांना कोळी म्हणतात, एका पानावर जातात, त्यावरचे दुवे धरून पुढच्या पानावर, तिथून आणखी पुढे, आणि वाटेत दिसेल तो मजकूर टिपून ठेवतात. आपण काही शोधतो तेव्हा गुगल इंटरनेट धुंडाळत नसतं, आपली ही नोंदवही चाळत असतं. नोंदवहीत आलेला भाग तो सरफेस वेब. वर्तमानपत्रं, विकिपीडिया, विश्वकोश, आपला हा धागाही.

पण कोळ्याला दुवा लागतो. त्याला फॉर्म भरून पुढे जाणं सहसा जमत नाही आणि पासवर्ड तर त्याच्याकडे नसतोच. बारावीचा निकाल आठवा. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकल्याशिवाय ते पान उघडतच नाही, किंबहुना तोवर ते पान तयारही झालेलं नसतं. रेल्वेचा पीएनआर, बँकेतली शिल्लक, तुमची ईमेलची पेटी, ऑफिसातली रजेची नोंद, हे सगळं डीप वेब. आत्या म्हणाली, "म्हणजे मी रोज डीप वेबवरच असते की!" असतेच. सकाळी पेन्शन जमा झाली का बघतेस, ते आणखी काय?

तिसरं डार्क वेब. नेहमीच्या ब्राउझरने तिथे जाताच येत नाही. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि तिथे पाहणारा आणि दाखवणारा दोघांचाही ठावठिकाणा झाकलेला असतो. त्यावर सविस्तर खाली लिहीन, आत्ता जेवायला बोलावताहेत.

चहाबिस्कीट | रविवार, रात्री १०.४०

पोलकं टाकून राउटर :) आमच्याकडे वीज चमकली की टीव्हीवर टाकतात. वाचतेय, पटापट लिहा.

गाव_नमुना_सात | सोमवार, सकाळी ६.०५

छान विषय. मी तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. तुमच्या डीप वेबचं सगळ्यात चपखल उदाहरण तुम्ही विसरलात: सातबारा.

महाभूलेखवर जा. आधी विभाग निवडा, मग जिल्हा, तालुका, गाव. मग गट नंबर टाका किंवा नाव. मोबाइल नंबर द्या, ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहा, तेव्हा कुठे उतारा दिसतो. सातबारा ही काही गुप्त गोष्ट नाही. कुणीही कुणाचाही पाहू शकतो, पंधरा रुपये भरले तर डिजिटल सहीचाही मिळतो. पण गुगलवर "अमक्या गावचा गट नंबर १४७" म्हणून शोधा, उतारा येणार नाही. म्हणजे डीप वेब म्हणजे लपवलेलं असं नव्हे. नीट विचारल्याशिवाय न मिळणारं.

आमच्या वेळेला हेच दप्तरात होतं. लाल फडक्यात बांधलेले गाव नमुने. गट नंबर सांगितला तर दोन मिनिटांत काढून देत असू. "आमच्या आज्याची वड्याकडची जमीन" म्हणत आला तर दिवस गेला. आणि जाता जाता, लोक सातबारा हा एकच कागद समजतात. गाव नमुना सात हा मालकीचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा, दोन मिळून सातबारा.

सॉकेटराम | सोमवार, सकाळी ९.३०

शीर्षकाला तांत्रिक हरकत. "इंटरनेटचे थर" म्हटलं की आमच्या धंद्यात वेगळंच डोळ्यासमोर येतं. तळाला तार, प्रकाशतंतू किंवा रेडिओलहरी. त्यावर शेजारच्या यंत्राशी बोलण्याचे नियम. त्यावर आयपी, म्हणजे पत्ता आणि वाट. त्यावर टीसीपी, म्हणजे पाठवलेले सगळे तुकडे क्रमाने पोचले का याची खातरजमा. आणि सगळ्यात वर तुमचं वेब, ईमेल वगैरे. पुस्तकात सात थर शिकवतात, प्रत्यक्षात चार-पाचांत भागतं. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने (इंटरनेटचं पूर्वरूप) जुने नियम सोडून टीसीपी-आयपी घेतलं, तेव्हापासून हाच मनोरा उभा आहे.

हे खरे थर. गोविंदाच्या थरांसारखे. खालचा डगमगला की वरचे सगळे खाली. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि इथे आपल्या ऑफिसात ईमेल उघडेना, कारण भारताची युरोपकडची बरीच वाहतूक त्यांवरूनच जात होती. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबल जमिनीवर येतात. वरून चौपाटी, कोळीवाडा, आणि वाळूखालून अर्ध्या देशाचे व्हिडिओ कॉल. खोल इंटरनेट म्हणायचंच तर मी याला म्हणेन.

सरफेस, डीप, डार्क हे या अर्थाने थर नाहीतच. डार्क वेबचा सर्व्हरही त्याच केबलवर, त्याच आयपीवर चालतो. कुणीही कुणाच्या खाली नाही.

ओसरीवरचा | सोमवार, दुपारी १.१०

सॉकेटराम, हरकत मान्य, शीर्षकात 'तथाकथित' आहे याची नोंद घ्यावी :) गोविंदाचं उदाहरण ढापतो आहे.

आणि गाव_नमुना_सात काका, तुमचं वाक्य आत्याला फॉरवर्ड केलं. तिचं उत्तर: "हे तू आधी सांगायला हवं होतंस."

थरांची कल्पना रुजली ती हिमनगाच्या चित्रामुळे. तुम्हीही पाहिलं असेल: वर टोकाला गुगल, पाण्याखाली प्रचंड काळोख, आणि शेजारी "९६ टक्के इंटरनेट तुम्हाला दिसतच नाही!" या चित्राचं मूळ शोधत गेलं की आपण मायकेल बर्गमन यांच्या २००१ सालच्या लेखाशी येऊन पोचतो. 'डीप वेब' हा शब्द त्यांनी रूढ केला. त्यांचा अंदाज होता की डीप वेबमधली माहिती वरच्या वेबच्या ४०० ते ५५० पट आहे. आता हिशोब करा. ५०० पट असेल तर वरचा भाग ०.२ टक्के होतो, ४ टक्के नव्हे. म्हणजे चित्र काढणाऱ्याने लेखही वाचलेला नाही. शिवाय तो अंदाज अशा काळातला, जेव्हा फेसबुकही नव्हतं आणि यूट्यूबही. गेल्या वीसेक वर्षांत जग इकडचं तिकडे झालं, टक्केवारी मात्र तीच फिरते आहे.

आणि त्या चित्रातली सगळ्यात मोठी लबाडी ही, की ते डीप आणि डार्क एकाच काळ्या रंगात रंगवतं. पाण्याखाली जे आहे ते बहुतांश तुमचं-आमचं कंटाळवाणं दप्तर आहे. विजेची बिलं, हजेरीपट, सातबारे. डार्क वेब त्यातला अगदी इवलासा कोपरा.

रानजाई | सोमवार, दुपारी ३.४५

माझा मुलगा आठवीत. तो सांगतो की डार्क वेबच्या खाली "मारियाना वेब" आहे, एकूण आठ पातळ्या आहेत, शेवटच्या पातळीवर जायला क्वांटम संगणक लागतो, आणि तिथे सगळ्या सरकारांची गुपितं आहेत. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंय. त्याला काय सांगू? मी नाही म्हटलं तर म्हणतो, "तुला माहीत नाही म्हणून."

सॉकेटराम | सोमवार, सायंकाळी ५.२०

त्याला म्हणावं, मारियाना वेबचा एक पत्ता दाखव. नुसता पत्ता. व्हिडिओ करणाऱ्यांपैकी कुणीही आजवर दाखवलेला नाही. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेचं नाव घेतलं की खोल वाटतं, एवढाच त्यातला तंत्राचा भाग. क्वांटम संगणकाने "आत जाता येतं" अशी काही जागा इंटरनेटवर नसते. नेटवर्कवर यंत्र एकतर जोडलेलं असतं किंवा नसतं. सरकारांची खरी गुपितं असतात ती मुळात इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रांवर, तिथे पोचायला पातळी नाही, दरवाज्याची किल्ली लागते.

आमच्या लहानपणी विहिरीच्या तळाशी सात कढया आणि नाग असायचा. मजकूर तोच, विहीर बदलली.

रानजाई | सोमवार, सायंकाळी ५.३१

कढया आणि नाग :) हेच सांगते त्याला.

तिरकस_तात्या | सोमवार, रात्री ८.००

सगळं ठीक, पण डार्क वेबचं उदात्तीकरण सुरू व्हायच्या आत विचारतो. ड्रग्ज, चोरलेली कार्डं, याहून वाईट गोष्टी. ज्याला लपवायचं नाही त्याला तोंड झाकायची गरज काय?

ओसरीवरचा | सोमवार, रात्री ९.५०

तात्या, गंमत अशी की ते तोंड झाकायचं फडकं अमेरिकन नौदलाने विणलं.

१९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लॅग यांनी 'अनियन राउटिंग' नावाची युक्ती काढली. अनियन म्हणजे आपला कांदाच. २००२ मध्ये त्यातून टॉर सुरू झालं, आणि २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते.

युक्ती अशी. समजा मला तुम्हाला चिठ्ठी पाठवायची आहे, पण ती कुणी कुणाला पाठवली हे वाटेतल्या कुणालाच कळू द्यायचं नाही. मी चिठ्ठी एका पाकिटात घालतो, ते दुसऱ्या पाकिटात, ते तिसऱ्यात. सर्वांत बाहेरचं पाकीट फक्त पहिल्या माणसाला फोडता येतं. फोडलं की आत दुसऱ्याचा पत्ता. दुसऱ्याने फोडलं की तिसऱ्याचा. तिसऱ्याने फोडलं की तुमचा. पहिल्याला मी माहीत आहे, पण तुम्ही नाही. तिसऱ्याला तुम्ही माहीत आहात, मी नाही. मधल्याला दोघंही माहीत नाहीत. ही तीन माणसं म्हणजे जगभर स्वयंसेवक चालवतात ते हजारो संगणक, त्यांतले तीन टॉर ब्राउझर निवडतो. कांद्याचे पापुद्रे म्हणतात ते हे.

आता नौदलाने हे जगाला फुकट का द्यावं? कारण ते फक्त नौदलाने वापरलं असतं, तर टॉरमधून येणारा प्रत्येक जण नौदलाचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लपायला गर्दी लागते. वारीत पांढऱ्या टोप्या लाखभर असतात म्हणूनच एक टोपी ओळखू येत नाही.

टॉर वापरून साध्या साइटही पाहता येतात, बहुतेक लोक तेच करतात. डार्क वेब म्हणजे टॉरच्या आतच असलेल्या, 'डॉट ओनियन'ने संपणाऱ्या साइट्स. त्यांचा पत्ता ५६ अक्षरांचा, वाचला तर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा. तिथे साइटचं यंत्रही लपलेलं असतं. मग दोघं भेटतात कसे? दोघंही आपापल्या पाकिटांच्या वाटेने एका तिसऱ्याच संगणकापाशी येतात. मुलगी पाहायचा कार्यक्रम मामाच्या घरी, ना त्यांना आपलं घर दिसलं ना आपल्याला त्यांचं.

तिथे कोण असतं? तुम्ही म्हणता ते असतातच. पण फेसबुकने २०१४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये आपापल्या ओनियन आवृत्त्या काढल्या, कारण काही देशांत त्यांच्या नेहमीच्या साइट बंद केलेल्या असतात. पत्रकारांना कागदपत्रं गुपचूप पोचवण्यासाठी 'सिक्युअरड्रॉप' नावाची व्यवस्था आहे, ती बऱ्याच मोठ्या वृत्तसंस्था वापरतात, तीही ओनियनवरच.

तिरकस_तात्या | सोमवार, रात्री १०.०५

वारीचं पटलं. मामाच्या घराचं नाही, आमच्या वेळी मामानेच सगळं गावभर केलं होतं.

सॉकेटराम | सोमवार, रात्री १०.३०

मामाची शंका रास्त आहे, आणि तिला इतिहासात पुरावा आहे! वर सांगितलेला तिसरा माणूस, म्हणजे शेवटचा संगणक, आठवा. चिठ्ठी आतून कुलूपबंद नसेल तर तो ती वाचू शकतो. डान एगरस्टाड नावाच्या स्वीडिश माणसाने २००७ मध्ये असे काही शेवटचे संगणक स्वतः चालवले आणि नुसतं पाहत बसला. त्याच्या हाती वेगवेगळ्या देशांच्या वकिलातींचे ईमेल पासवर्ड लागले. त्यांत भारताचेही होते. टॉर ठावठिकाणा झाकतं, मजकूर नव्हे, हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे चिठ्ठी आतून कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीवर, असल्याने हे इतकं सोपं राहिलेलं नाही.

आणि गर्दी नसली तर काय होतं तेही सांगतो. डिसेंबर २०१३, हार्वर्ड. परीक्षा टाळायला एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची धमकी पाठवली. टॉर तुटलं नाही. पण त्याने ते विद्यापीठाच्याच वायफायवरून वापरलं होतं, आणि त्या वेळेला तिथे टॉर वापरणारे होते मोजकेच. पोलीस दार वाजवायला गेले, त्याने कबूल करून टाकलं. वारीतली टोपी लग्नाच्या पंगतीत घालून बसला.

कालव्याकाठी | मंगळवार, पहाटे २.२०

मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तहून. इथल्या पोलिसांचा पराक्रम कुणीच सांगितला नाही म्हणून लिहितो, आणि त्याच्या आधी सिल्क रोडचं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवूनच कळतात.

सिल्क रोड हा टॉरवरचा पहिला मोठा बाजार, २०११ मध्ये सुरू झाला. माल मुख्यतः अमली पदार्थ, नाणं बिटकॉइन. चालवणारा स्वतःला 'ड्रेड पायरेट रॉबर्ट्स' म्हणवत असे. मोठमोठ्या तपास यंत्रणा त्याच्या मागावर होत्या. त्याच्यापर्यंत पोचला तो अमेरिकी करखात्याचा एक तपासनीस, गॅरी अल्फर्ड. त्याने काय केलं? गुगल केलं. बाजाराचं नाव पहिल्यांदा इंटरनेटवर कधी आलं ते तारखेची मर्यादा घालून शोधलं. सुरुवातीच्या दिवसांत 'अल्टॉइड' नावाचा कुणीतरी चर्चांमध्ये या नव्या बाजाराची जाहिरात करताना दिसला. त्याच अल्टॉइडने नंतर कधीतरी एक तंत्रज्ञ हवा म्हणून लिहिलं होतं, आणि संपर्कासाठी आपला खरा ईमेल दिला होता. त्यात नाव होतं: रॉस उलब्रिख्त. १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात त्याला पकडलं. दोन साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी त्याच्यामागे नवरा-बायकोसारखं भांडण काढलं, त्याने वळून पाहिलं, तेवढ्यात समोरचा चालू लॅपटॉप उचलला. २०१५ मध्ये जन्मठेप झाली, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

आता आमचे डच पोलीस. हान्सा नावाचा दुसरा बाजार होता. जून २०१७ मध्ये त्यांनी तो चालवणाऱ्या दोघांना जर्मनीत पकडवलं, पण बाजार बंद केला नाही. स्वतः चालवायला घेतला! जवळजवळ महिनाभर पोलीस दुकानदार. तक्रारी सोडवायचे, भांडणं मिटवायचे. दरम्यान जुलैच्या सुरुवातीला अल्फाबे नावाचा सगळ्यात मोठा बाजार अमेरिकनांनी पाडला. (त्याचा मालक कशाने सापडला? नव्या सदस्यांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये त्याचा खासगी हॉटमेल पत्ता राहून गेला होता.) तिथले बेघर झालेले लोक धावत हान्सावर आले, म्हणजे थेट पोलिसांच्या मांडीवर. साइटच्या कोडमध्ये बदल करून ठेवला होता: निरोप कुलूपबंद होण्याआधी त्याची प्रत पोलिसांकडे, आणि विक्रेत्यांनी टाकलेल्या फोटोंतली जागेची माहिती पूर्वी आपोआप पुसली जायची, ती आता पुसली जाईना. २० जुलैला दुकान बंद झालं तेव्हा खरेदीदारांचे सुमारे १०,००० परदेशी पत्ते युरोपोलच्या (युरोपीय देशांची पोलीस संस्था) हवाली झाले.

बघा, यांत कुठेही कांद्याचे पापुद्रे कुणी गणित करून सोलले नाहीत. माणसंच चुकली. इथे ऑफिसात एक डच सहकारी सांगतो, त्या काळात त्याच्या ओळखीतल्या कुणाकुणाचा चेहरा महिनाभर उतरलेला होता. खरं-खोटं तो जाणे.

चहाबिस्कीट | मंगळवार, सकाळी ८.१५

पोलीस दुकानदार! चहा थंड झाला वाचता वाचता.

एक बावळट प्रश्न. आमचा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप कुठल्या वेबवर?

ओसरीवरचा | मंगळवार, सकाळी ८.४०

बावळट अजिबात नाही. वेबवरच नाही म्हणा. ते वेगळी गाडी आहे, रस्ता तोच. पण फेब्रुवारी २०२० मध्ये असं दिसलं की कित्येक ग्रुपमध्ये सामील व्हायचे दुवे गुगलवर सापडताहेत. कुणीतरी ते दुवे एखाद्या उघड्या पानावर चिकटवले होते, कोळी तिथून गेला, त्याने टिपले. आतली गोष्ट बाहेर यायला कुणी भेदी लागत नाही, एक चिकटवणारा पुरतो. तेव्हा सोसायटीच्या चेअरमनना सांगा, ग्रुपचा दुवा फेसबुकवर टाकू नका.

वकीलपत्र | मंगळवार, दुपारी १२.००

कायद्याचं थोडक्यात, कारण व्यनित (व्यक्तिगत निरोपात) तिघांनी विचारलं.

भारतात टॉर ब्राउझर वापरणं हा स्वतःच गुन्हा ठरवणारा कायदा नाही. तिथे जाऊन तुम्ही काय करता ते पाहिलं जातं. अमली पदार्थ मागवले तर १९८५ चा एनडीपीएस कायदा आहेच, पाकीट टपालाने आलं म्हणून तो सौम्य होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६७ब विशेष लक्षात ठेवा: लहान मुलांविषयीचा लैंगिक मजकूर नुसता शोधणं, पाहणं, उतरवून घेणं हाही गुन्हा आहे. "उत्सुकता होती" हा बचाव नाही. रानजाईताई, मुलाला कढयांच्या गोष्टीसोबत हेही एकदा नीट सांगून ठेवा, न घाबरवता.

दुसरं. आत्याबाईंसारख्या घाबरलेल्या माणसांच्या जिवावर जगणारे चोर आहेत. फोन येतो: "तुमचं आधार डार्क वेबवर सापडलंय, त्यावर गुन्हा दाखल आहे, व्हिडिओ कॉलवरून हलू नका." डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे लोक दोन दिवसांनी येतात, आधी लाज वाटते म्हणून.

रानजाई | मंगळवार, दुपारी १२.४०

धन्यवाद. पण मग खरंच कुणाची माहिती तिथे सापडली तर करायचं काय? तिथून काढून टाकता येते?

सॉकेटराम | मंगळवार, दुपारी २.१५

काढून टाकता येत नाही. "आम्ही डार्क वेबवरून तुमची माहिती पुसून देतो" असं सांगून पैसे मागणारा एकतर भोळा किंवा चोर. प्रती किती जणांकडे गेल्या हे कुणालाच माहीत नसतं.

मुळात ती तिथे पोचते कशी? तुमच्या संगणकात शिरून नव्हे. तुम्ही कधीकाळी कुठल्या तरी साइटवर खातं उघडलेलं असतं, त्या साइटची वही चोरीला जाते, आणि लाखो नावांची ती वही विकायला लागते किंवा नुसती भिरकावली जाते. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट काढली, तिथे आपला ईमेल टाकला की तो कुठल्या चोरीत होता ते फुकट कळतं. चोर पुढे काय करतात? तोच ईमेल, तोच पासवर्ड बँक, जीमेल, फेसबुक सगळीकडे लावून पाहतात. म्हणून बदलायचा तो फक्त चोरी झालेल्या जागचा नव्हे, जिथे जिथे तोच वापरलाय तिथला. ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या ईमेलवर येतात. आणि दुहेरी पडताळणी चालू करा. वर्षातून एकदा आपला क्रेडिट अहवाल फुकट मागवता येतो, त्यात न घेतलेलं कर्ज दिसतं का तेवढं बघा.

ओसरीवरचा | मंगळवार, रात्री ९.३०

ताजी बातमी. आत्याला फोनवर घेऊन आज तपासलं. चोरी झाली होती ती एका जुन्या खरेदीच्या साइटची, जिथे तिने कधीकाळी एकदाच पोळपाट मागवला होता. पासवर्ड: शाळेचं नाव आणि तिचं जन्मसाल. तोच पासवर्ड ईमेलला, तोच पेन्शनच्या खात्याला, तोच वीजबिलाला. मी दोन मिनिटं गप्प बसलो. ती म्हणाली, "सोपा होता म्हणून ठेवला, विद्यार्थ्यांना पाठ करायला देताना आम्ही असंच करायचो."

आता तीन नवे पासवर्ड आहेत, वहीत लिहिलेत, वही डब्यात, डबा कुठे ते मलाही सांगत नाही. सॉकेटराम नाक मुरडतील, पण सांगलीतल्या स्वयंपाकघरापर्यंत टॉर काही पोचत नाही.

राउटरवरचं पोलकं काढलंय. आता तिची नवी काळजी: आमच्या गावच्या जमिनीचा सातबारा कुणीही पाहू शकतो हे कळल्यापासून ती अस्वस्थ आहे. तिचं नाव वारस म्हणून लागलंय का तेही तिला बघायचंय. काका, कसं बघायचं?

गाव_नमुना_सात | बुधवार, सकाळी ५.५०

सोपं आहे. कुणी पाहिला म्हणून जमीन जात नाही, त्यांना सांगा. वारस नोंद फेरफारात आधी दिसते, मग सातबाऱ्यावर येते, तेव्हा दोन्ही पाहावं लागेल. गाव, तालुका आणि गट नंबर कळवा, मी आज पाहून सांगतो.

इथे लिहू नका हो. व्यनि करा.